सुट्या भागांतून सायकल जोडताना

सायकल जोडायला एखादा रविवार पुरतो. खरा वेळ जातो तो एकमेकांना बसणारे भाग जमवण्यात. म्हणून पाना हातात घेण्याआधी व्हर्नियर (बारीक मापं घेणारं साधन) घ्या.

सगळं ठरतं फ्रेमवर. मागच्या चाकासाठी असलेल्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मोजा: रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या) रोड फ्रेमला बहुतेक १३० मिमी, जुन्या माउंटन फ्रेमला १३५. सीटची नळी आतून मोजा. २७.२ मिमीच्या नळीत २७ चा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आत जातो खरा, पण कितीही आवळला तरी खाली सरकत राहतो. चाकाच्या इंचांवर विसंबू नका, टायरवरचा तीन आकडी अंक बघा. '२९ इंची' आणि '७०० सी' दोन्ही ६२२च. जुनी २६ इंची माउंटनवाली ५५९.

आता बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा (पायडलच्या दांड्यांचा) आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग. इथं मी कुणाला घाई करू देत नाही, कारण इथले आटे गेले की फ्रेमच गेली. तो बसतो त्या फ्रेमच्या ६८ मिमी रुंदीच्या कवचात सहसा इंग्लिश आटे असतात आणि त्यात चेनकडची बाजू उलटी आवळते, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. ७० मिमीचं इटालियन असेल तर दोन्ही बाजू सरळ. आट्यांत रंग भरला असेल तर दुकानातून टॅप (आटे साफ करणारं हत्यार) फिरवून आणा. एका सायकलीसाठी टॅप विकत घेणं म्हणजे पैसे उधळणं. ग्रीस लावा, कप (बॉटम ब्रॅकेटचा आटे असलेला भाग) टेकवा आणि आधी काढायच्या दिशेनं हळूच फिरवा. 'टक्' करून आटा खाली बसल्याचं बोटांना कळतं. मग आवळायच्या दिशेनं तीन-चार फेरे बोटांनीच. अडलं तर बाहेर काढा, पाना लावू नका. पायडलचंही तसंच, फक्त तिथं डावं उलटं.

चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बसवताना लोक हमखास क्रम चुकवतात. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट ढिले ठेवून आधी वरच्या टोपीचा बोल्ट आवळायचा. पुढचा ब्रेक धरून सायकल मागे-पुढे ढकला. हेडसेटला (चिमटा ज्यात फिरतो त्या बेअरिंगला) लावलेल्या बोटांना डगडग लागत नसेल आणि हँडल मोकळं वळत असेल तर बाजूचे आवळा, साधारण ५ न्यूटन-मीटर. स्टेमवर आकडा छापलेला असेल तर तो माना. चिमट्याची वर आलेली नळी स्टेमच्या वरच्या काठापेक्षा सुमारे ३ मिमी खालीच हवी, नाहीतर टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येत नाही.

चाकं तयारच घ्या. आरे भरणं आणि आऊट काढणं (चाकाचा वाकडेपणा काढणं) हा वेगळा उद्योग आहे.

चेन मागच्या डिरेलरमधून (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतून) न घेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून गुंडाळा, टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा आणि मगच तोडा. गिअरची बाहेरची केबल (तारेवरचं आवरण) ब्रेकला लावू नका: तिच्यातल्या तारा लांबीला समांतर असतात, जोरात ब्रेक दाबला की फाटू शकते. ब्रेकची वेगळी, वेटोळ्याच्या तारेची असते.

पहिल्या काही फेऱ्यांत केबल बसतात (थोड्या सैल पडतात) आणि गिअर अडखळू लागतात. डिरेलरचे स्क्रू पिळत बसू नका, केबलजवळचा बॅरल (केबलचा ताण कमी-जास्त करणारा गोल स्क्रू) अर्धा फेरा बाहेर फिरवा. क्रँकचे बोल्टही तेव्हाच पुन्हा तपासा.