समुद्र कुठंय? ओल्ड पल्टनी चाखताना या चुका टाळा

मित्राने विमानतळावरून आणलेली ओल्ड पल्टनी, म्हणजे बारा वर्षांची स्कॉच व्हिस्की, पहिल्यांदा उघडली तेव्हा टेबलावर लसूण शेव होती, मसाला शेंगदाणे होते आणि शेजारच्या खोलीत उदबत्ती जळत होती. मित्राने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाला, "बाटलीवर जहाज काढलंय, पण समुद्र कुठंय?"

ती बोट हेरिंग मासे पकडणाऱ्यांची. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला विक नावाचं बंदर आहे, एकेकाळी हेरिंगच्या धंद्यावर गजबजलेलं. तिथे १८२६ मध्ये ही डिस्टिलरी सुरू झाली. किनारी चवीच्या सिंगल माल्टमध्ये (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून काढलेली व्हिस्की) ही त्यातल्या त्यात खिशाला झेपणारी, म्हणून बरेच जण हिच्यापासून सुरुवात करतात आणि हिरमुसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किनारा म्हटलं की धूर शोधणं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रॉइग व्हिस्कीत जो औषधी, धुरकट वास येतो तो पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेल्या बार्लीचा. ओल्ड पल्टनीच्या बार्लीला तो धूर दिलेलाच नसतो. धूर हवाच असेल तर टॅलिस्कर १० घ्या, पण मग खिसाही तसा सोडावा लागेल.

खारेपणाचंही तसंच. मीठ वाफेबरोबर वर चढत नाही, त्यामुळे भट्टीतून उतरलेल्या दारूत मीठ येतच नाही. जिभेवर मिठाचा खडा शोधाल तर सापडणार नाही. आधी मध, थोडं लिंबू, बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपांमुळे आलेला व्हॅनिला, आणि घोट उतरल्यावर शेवटी एक कोरडी, खारट झाक. मुरुडच्या किनाऱ्यावर तासभर बसून घरी आल्यावर ओठांवर जीभ फिरवली की जे लागतं, साधारण ते. फार हळू येतं. घोट गिळून लगेच पुढचा घेतलात तर ते कधी भेटणारच नाही.

आता चकण्याकडे. शेव, फरसाण, तिखट शेंगदाणे, तळलेला बांगडा: यातलं काहीही आधी खाल्लं की जीभ मीठ-तिखटाने भरलेली असते, त्या झाकेला जागाच उरत नाही. पहिले दोन घोट कोऱ्या तोंडाने घ्या, मग बांगडा आहेच. (बांगड्याशी माझं काही वैर नाही.) उदबत्ती, अत्तर आणि डासांची कॉइलही तेवढ्यापुरती लांब ठेवा.

ग्लासचा वास घेऊन बघितलाय कधी? भांडी पुसायच्या फडक्याचा कुबट वास ग्लासात राहतो आणि दोष व्हिस्कीला लागतो. गरम पाण्याने धुऊन उलटा ठेवून वाळवा. तोंडाशी निमुळता होणारा असला तर उत्तम. नाक आत खुपसू नका, अल्कोहोलच झोंबेल. ग्लास हनुवटीशी धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या.

बर्फ आणि सोडा या दोघांनी त्या शेवटच्या झाकेचा निकालच लागतो. पाण्याचंही भान हवं. ही मुळातच ४० टक्के अल्कोहोलची. ३० मिलीत तेवढंच पाणी ओतलं की थेट २० टक्क्यांवर येते. चार-पाच थेंब पुरे, तेही नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याचे नकोत. बनाहॅवन १२ सारखी ४६.३ टक्क्यांची असेल तर थोडं जास्त पाणी चालतं. ती थंड-गाळणी न केलेली असते, म्हणजे गार करून गढूळपणा आणणारे घटक गाळून काढलेले नसतात, त्यामुळे पाण्याने किंवा गारव्याने किंचित गढूळ दिसली तर घाबरू नका, भेसळ नाही ती. गडद रंगावरही भाळू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला कायद्याने मुभा आहे.

उरलेली बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली की अल्कोहोल बूच खातं. पाव बाटली उरली असेल तर महिनोन्महिने सणासाठी राखू नका, आत हवा जास्त झाली की चव उतरत जाते. आमची ती पहिली बाटली अशीच संपली, पण शेवटच्या दोन पेगांना शेव नव्हती. मित्र बराच वेळ काही बोलला नाही, मग ओठ चाटून म्हणाला, "आला रे."