ट्रकचा एसी थंड करत नाही? गॅस भरायच्या आधी हे बघून घ्या

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना केबिन एसी सक्तीचा झालाय, अन् ते व्हायलाच पाहिजे होतं, चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि ड्रायव्हर दिवसभर इंजिनावर बसून असतो. पण एसीची हवा गरम यायला लागली की पहिलं वाक्य ऐकू येतं ते "गॅस संपला असेल, भरून घ्या." गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही हो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी लीक आहे, आणि बऱ्याचदा तर गॅस कमी झालेलाच नसतो.

सुरुवात हवेपासून करा, त्याला पैसे लागत नाहीत. ब्लोअर फुल करूनही हवा कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा, कोळसा, सिमेंट, राख वाहणाऱ्या गाड्यांत तो पार बुजलेला असतो. ब्लोअर फक्त फुल स्पीडवरच चालत असेल तर बहुतेक रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा भाग, गेलाय. एसी सुरुवातीला थंड आणि तासाभराने हवाच यायची बंद, मग थोडा वेळ बंद ठेवला की परत चालू, असं होत असेल तर आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, थर्मोस्टॅट (कॉइल जास्त थंड झाली की कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, थांबवणारा स्विच) बघा.

मग पुढचा कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस थंड करणारी समोरची जाळी. गाडी पळताना थंड आणि जामात उभी राहिली की गरम, असं असेल तर आधी कंडेन्सर आणि त्याचा फॅन. कंडेन्सर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर हलक्या प्रेशरच्या पाण्याने धुवायचा, वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पत्र्या, दुमडतात अन् होती तेवढी हवाही बंद. एक लक्षात ठेवा, कसाऱ्याच्या चढाला लोड गाडी असताना एसी थोडा वेळ कट झाला तर लगेच फॉल्ट समजू नका, काही गाड्यांत इंजिन तापलं की सिस्टीम स्वतःच कंप्रेसर बंद करते.

आता कंप्रेसर. इंजिन आयडलला, एसी चालू, लांबून बघा, गमछा किंवा सैल बाही बेल्टजवळ नको. पुली तर फिरतच असते, पण तिच्या पुढची प्लेट "टक" करून चिकटून फिरायला पाहिजे. चिकटत नसेल तर फ्यूज, रिले बघा, आणि २४ व्होल्टच्या गाडीत रिले २४ चाच टाका, कारचा १२ चा चालत नाही. प्लेट ओढणाऱ्या क्लच कॉइलच्या वायरला टेस्ट लॅम्प पेटतोय तरी प्लेट हलत नाही, तर ही कॉइल जळालीय किंवा प्लेट अन् पुलीतला गॅप वाढलाय. लॅम्पच पेटत नसेल तर प्रेशर स्विचवर (गॅसचा दाब कमी असला की कंप्रेसर बंद ठेवणारा) संशय घ्या. तो स्विच डायरेक्ट करून चालवू नका कोणी कितीही म्हटलं तरी, कारण कंप्रेसरचं ऑइल गॅसबरोबर फिरतं, गॅस नसताना चालवला की कंप्रेसर जाम होतो आणि शंभराच्या कामाचे हजारो होतात.

एवढं सगळं ठीक असेल तरच गॅसचा दाब मोजायला गेज लावायला सांगा, त्याचा एक काटा लो साईडचा (कमी दाबाची बाजू) आणि एक हाय साईडचा (जास्त दाबाची). गाडी बंद आणि थंड असताना ३० डिग्रीला दोन्ही काटे साधारण ९५-१०० पीएसआयवर येतात, पण त्यावरून गॅस पुरेसा आहे असं कळत नाही, थोडा असला तरी काटा तेवढाच दाखवतो. चालू असताना दोन्ही बाजू कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर कंडेन्सर घाण, फॅन बंद किंवा गॅस जास्त भरलाय. लो साईड जास्त आणि हाय कमी, तर बहुतेक कंप्रेसर कमजोर.

लीक शोधताना जॉइंटवर तेलकट धूळ चिकटलीय का बघा, साबणाचं पाणी लावा, आणि केबिन टिल्ट होते तिथले होज नक्की बघा, केबिन वरखाली होऊन ते तिथेच घासतात. पाईप स्वतः खोलू नका, गॅस डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

रिपेअर झाल्यावर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) नवीन, किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, आणि गॅस गाडीच्या एसी स्टिकरवर लिहिलाय तोच, वजन करून. स्वस्त म्हणून कोणी स्वयंपाकाच्या सिलेंडरचा गॅस भरून देत असेल तर सरळ गाडी काढून घ्या, तो पेट घेतो, आणि केबिनमध्ये माणूस झोपतो. आणि हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, नाहीतर शाफ्टचं सील सुकतं आणि मार्चमध्ये गॅस गेलेला असतो.