वॉरहॅमर ३ मध्ये पहिली फॅक्शन निवडताना या चुका टाळा

'टोटल वॉर: वॉरहॅमर ३' या युद्धाच्या व्हिडिओ गेममधला इम्मॉर्टल एम्पायर्सचा, म्हणजे मालिकेतल्या तिन्ही गेमचा मिळून केलेला नकाशा पहिल्यांदा उघडला की डोळे फिरतात. ऐंशीहून जास्त लेजंडरी लॉर्ड, म्हणजे आपापल्या फॅक्शनचे (खेळायच्या बाजूचे) सेनानायक, प्रत्येकाची सुरुवात वेगळी, नियम वेगळे. मग होतं काय, तर ज्याचं चित्र भारी तो लॉर्ड उचलला जातो. विसाव्या टर्नपर्यंत (टर्न म्हणजे खेळातली एक पाळी) तिजोरी रिकामी, तीन बाजूंनी युद्ध, एका प्रांतात बंड, आणि 'हा गेम आपल्यासाठी नाही' म्हणत अनइन्स्टॉल. गेम अवघड आहे यात वाद नाही. पण अशा कॅम्पेन, म्हणजे पूर्ण डाव, बऱ्याचदा निवडीच्या पडद्यावरच हरलेल्या असतात.

या गेममध्ये फॅक्शन निवडणं म्हणजे शेजारी निवडणं. तुमची रेस, म्हणजे जमात, किती ताकदवान आहे याला पहिल्या तीस टर्नमध्ये फारशी किंमत नसते. शत्रू किती दिशांनी येऊ शकतो, यावर सगळं ठरतं. खालच्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

आपण काय विकत घेतलंय ते न बघणं

ही पटकन उरकू. तिसरा गेम १७ फेब्रुवारी २०२२ ला आला आणि फेब्रुवारी २०२३ पासून इम्मॉर्टल एम्पायर्सचा नकाशा तिसरा गेम असलेल्या सगळ्यांना फुकट मिळतो. पण नकाशा मिळाला म्हणजे त्यावरची प्रत्येक फॅक्शन मिळाली असं नाही. एम्पायर, ड्वार्फ, व्हॅम्पायर काउंट्स या पहिल्या गेमच्या रेस. हाय एल्फ, लिझर्डमेन, स्केव्हन (उंदीरमाणसं) दुसऱ्याच्या. त्या समोर शत्रू म्हणून दिसतील, स्वतः खेळायच्या तर वेगळे पैसे. नुसत्या तिसऱ्या गेममध्ये किस्लेव्ह, ग्रँड कॅथे आणि केऑसवाले (खोर्न, नर्गल, झीन्च, स्लानेश या चार दुष्ट देवांचे) मिळतात. पहिली कॅम्पेन यातच करा. सेल लागेपर्यंत बाकीचं थांबू शकतं.

पोस्टरवरच्या चेहऱ्याला भुलणं

कार्ल फ्रान्झ, एम्पायरचा सम्राट, हा या मालिकेचा चेहरा. घोडदळ, तोफा, भालाईत, जादूगार, सगळं थोडंथोडं हाताशी, त्यामुळे 'नवख्यांसाठी एम्पायर' हा सल्ला सर्रास दिला जातो. २०१६ च्या पहिल्या गेमपुरता तो ठीक होता. आताच्या नकाशात त्याच्या राजधानीत, आल्टडॉर्फला बसून जरा चौफेर बघा. पूर्वेला सिल्व्हेनियातले व्हॅम्पायर. उत्तरेकडून नॉर्स्काचे लुटारू. जंगलांत बीस्टमेन. आणि नर्गलचा फेस्टस तर साम्राज्याच्या पोटातच रोग पसरवत बसलेला. त्याचं डीएलसी, म्हणजे वेगळी विकत मिळणारी भर, तुम्ही घेतलं नसलं तरी तो तिथे असतोच. भरीला इलेक्टर काउंट म्हणजे आपलेच सरदार. त्यांची मर्जी राखा, त्यांच्यावर हल्ला झाला की धावून जा, नाही गेलात तर त्याचेही परिणाम भोगा.

यातली एकेक गोष्ट अवघड नाही. पण नवख्या माणसाला अजून गावाची इमारत कधी वाढवायची हेच उमगलेलं नसतं, आणि त्याच्यापुढे एकाच टर्नला चार ठिकाणच्या बातम्या येऊन पडतात. कुठली गंभीर आणि कुठली दुर्लक्ष करण्याजोगी, हे कळायला अनुभव लागतो, आणि नेमका तोच नसतो. कार्ल फ्रान्झ दुसऱ्या-तिसऱ्या कॅम्पेनला घ्या. तेव्हा हीच धावपळ मजेची वाटते.

प्रोलॉगवरून अंदाज बांधणं

तिसऱ्या गेमचा प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीचा शिकवणीचा भाग, उत्तम आहे. युरी नावाच्या किस्लेव्हच्या राजपुत्राची गोष्ट सांगत तो एकेक बटण शिकवतो. तो टाळणाऱ्यांनी पुढे तक्रार करू नये. गफलत होते ती त्यानंतर. प्रोलॉगमध्ये किस्लेव्ह हाताळलं, म्हणजे किस्लेव्ह सोपं, असा समज होऊन पुढची कॅम्पेन त्सारिना कॅटरिनची सुरू होते. प्रोलॉगमध्ये शत्रू एकेक करून, तुमच्या सोयीने येतात. कॅटरिनच्या उंबऱ्यावर मात्र हेल पिटमधला स्केव्हन थ्रॉट, आणि उत्तरेला केऑसचा सगळा गोतावळा. किस्लेव्हचं सैन्य मस्त आहे, बंदुका झाडून झाल्या की तेच सैनिक हातघाईलाही भिडतात. पण जागा निर्दय आहे.

जुने व्हिडिओ पाहून फॅक्शन ठरवणं

'टायरियन घ्या, उल्थुआन सुरक्षित आहे' हा हाय एल्फांच्या या लॉर्डबद्दलचा सल्ला दुसऱ्या गेमच्या काळातला, २०१७ नंतरचा. चहूकडे समुद्र, मध्ये एल्फांचं कंकणाकृती बेट, आत यायला मोजके दरवाजे. तेव्हा ते खरंही होतं. इम्मॉर्टल एम्पायर्समध्ये स्लानेशचा एन'कारी उल्थुआनवरूनच सुरुवात करतो. म्हणजे ज्या घराच्या भिंतींचं कौतुक चाललंय, त्यात चोर आधीच शिरलेला. टायरियन आजही चांगलाच पर्याय आहे: पुढे भालाईत, मागे तिरंदाज, आणि तो स्वतः समोरच्या सेनापतीला एकटा पुरून उरणारा. फक्त 'सुरुवातीला निवांत असतं' हे डोक्यातून काढून टाका आणि एन'कारीचा निकाल लवकर लावा.

ड्वार्फांचंही तसंच. त्यांच्या ग्रज, म्हणजे वैराच्या नोंदी, पूर्वी फेडल्या नाहीत तर प्रजा नाराज व्हायची, आणि जुने व्हिडिओ त्या धाकानेच खेळायला शिकवतात. ३० एप्रिल २०२४ ला 'थ्रोन्स ऑफ डिके' आलं आणि त्याच्या जोडीला ही सगळी व्यवस्था बदलली. आता ठरावीक टर्नांच्या फेरीत जितकी वैरं फेडाल तितकं बक्षीस. व्हिडिओ बघण्याआधी त्याची तारीख बघा.

'सोपी' फॅक्शन आणि 'शिकवणारी' फॅक्शन यात गल्लत

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. काही फॅक्शन खरोखर सोप्या आहेत, पण त्या खेळून पुढच्या कॅम्पेनला कामी येईल असं फार थोडं हाती लागतं.

झीन्चचा चेंजलिंग घ्या. त्याला प्रदेश जिंकायचाच नसतो, दुसऱ्यांच्या गावांत तो गुपचूप आपले अड्डे वाढवतो. मजा आहे, पण गाव राखणं, प्रांत पूर्ण करणं, प्रजा ताब्यात ठेवणं, यातलं काहीच शिकून होत नाही. खोर्नचा स्कारब्रँड म्हणजे मारा, जाळा, पुढे चला. जादू नाही, दुरून मारा करणारं जवळजवळ काही नाही, राजनैतिक वाटाघाटींशी संबंध नावापुरता. दोन संध्याकाळी धमाल येते. नंतर दुसरी कुठलीही फॅक्शन हाती घेतली की पुन्हा श्रीगणेशा.

व्हॅम्पायर काउंट्सबद्दल 'मेलेले सैनिक पळत नाहीत, म्हणून सोपे' असं सांगितलं जातं. अर्धंच खरं. ते पळत नाहीत, पण मनोधैर्य संपलं की जागच्या जागी झडायला लागतात, आणि लॉर्ड पडला तर सगळं सैन्यच मातीला मिळायच्या वाटेवर. धनुष्यबाण, बंदुका काही नाही. म्हणजे सांगाडे समोर अडवून ठेवायचे, तेवढ्यात जादूने त्यांना सावरायचं, आणि बाजूने घोडदळ घालायचं. तिन्ही कामं एकाच वेळी. हे नवख्याचं काम नव्हे.

आणि लीजन ऑफ केऑसचा डेमन प्रिन्स, ज्याला खेळाडू प्रेमाने डॅनियल म्हणतात. चारही देवांचं सैन्य त्याला मिळतं, शिवाय त्याचे हात, पंख, डोकं आपण बदलू शकतो. पहिल्याच कॅम्पेनला एवढी निवड म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

मग घ्यायची कोणती?

माझं मत मियाओ यिंग, ग्रँड कॅथेची नॉर्दर्न प्रॉव्हिन्सेस. नान-गाऊला बसायचं. उत्तरेला ग्रेट बॅस्टियन ही अजस्र तटबंदी, तिला तीन दरवाजे. केऑसचा मोठा धोका तिथूनच येतो, आणि तो किती वाढलाय हे सांगणारं मीटर पडद्यावर असतं. मीटर चढतंय म्हणजे दरवाज्यावर सैन्य हवं, उतरलं म्हणजे दक्षिणेकडे हातपाय पसरायला मोकळीक. धोका कुठून आणि साधारण कधी येणार हे नवख्याला इतकं स्पष्ट सांगणारी दुसरी जागा मला माहीत नाही. पैशाचीही सोय आहे: आयव्हरी रोडवरून दूरच्या शहरांकडे काफिले पाठवा, वाटेत काही घडलं तर निर्णय घ्या, माल पोचला की रक्कम जमा.

लढाईतही कॅथे चांगली शिस्त लावते. प्रत्येक युनिटवर यिन किंवा यांगची खूण असते. बहुतेक हातघाईवाले यांग, दुरून मारणारे यिन. दोन्ही जवळ असतील तर दोघांनाही बोनस. म्हणजे जेड वॉरियर पुढे, त्यांच्या पाठीला लागून क्रॉसबोवाले. ही जोडी लावली की निम्मी लढाई मार्गी लागते. बिघडते कुठे? शत्रूचे घोडेस्वार बाजूने आले की माणूस घाबरून क्रॉसबोवाल्यांना लांब पळवतो. पुढच्या रांगेचा बोनस जातो, ती कोलमडते, आणि मग पळवलेलेही सापडतात. अशा वेळी क्रॉसबो हलवू नका. दोन भालाईत तुकड्या सुरुवातीपासूनच दोन टोकांना, जरा मागे वळवून ठेवा.

पहिला गेमही विकत घेतलेला असेल आणि लढाई नीट शिकायची असेल, तर दुसरं नाव थोर्ग्रिम, काराझ-आ-काराकचा ड्वार्फ राजा. जादू नाही, घोडदळ नाही, म्हणजे लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी कमी. सैनिक चिलखती आणि चिवट, चुकीच्या हुकुमानंतरही उभे राहतात. आसपास भाऊबंद ड्वार्फ आहेत, खरा तंटा ग्रीनस्किनांशी, म्हणजे ऑर्क-गॉब्लिनांशी. मात्र एक खोच लक्षात ठेवा. सपाट मैदानावर थंडरर, म्हणजे बंदूकवाले, आपल्याच रांगेच्या मागे उभे केले तर ते गप्प बसतात. दारूगोळा भरलेला, शत्रू पल्ल्यात, तरी गोळी नाही. गेम बिघडलेला नसतो. बंदुकीची गोळी सरळ जाते आणि समोर आपल्याच माणसांची डोकी असतात. क्वारेलर, म्हणजे क्रॉसबोवाले, मात्र बाण वरून टाकू शकतात, म्हणून ते मागे चालतात. थंडरर उतारावर उंच उभे करा, नाहीतर रांगेच्या टोकाला, थोडे पुढे.

निवड बरोबर, तरी गाडं अडलंय

पैसे उणे दिसायला लागले तर आधी आर्मी मोजा. एका आर्मीत लॉर्ड धरून वीस तुकड्या मावतात, आणि दुसरा लॉर्ड उभा केला की नुसता त्याचाच खर्च वाढत नाही, सगळ्याच आर्म्यांचा अपकीप, म्हणजे दर टर्नला पोसायचा खर्च, वाढतो. काही मोजक्या रेस सोडल्या तर हा नियम सर्वांना. म्हणून पहिली आर्मी पूर्ण भरल्याशिवाय दुसरी नको, आणि रिकामी बसलेली आर्मी नकोच. लढत असलेली आर्मी लुटीतून स्वतःचा खर्च काढते. तरीही तुटवडा असेल तर डिप्लोमसीत क्विक डील उघडा. व्यापाराला कोण तयार आहे हे एका नजरेत दिसतं. दर चार-पाच टर्नला हे बघायची सवय लावा.

कंट्रोल, म्हणजे प्रजेवरची पकड, घसरत असेल तर प्रांतातली सगळी गावं ताब्यात घ्या, म्हणजे कमांडमेंट, प्रांतभराचा हुकूम, लावता येते. उणे शंभरला बंड होतं. जवळ आर्मी असेल तर होऊ द्या खुशाल, लॉर्डला फुकटचा अनुभव मिळतो.

जिंकलेलं गाव पोसवत नसेल तर हवामान तपासा. नकाशावर प्रत्येक जागा तुमच्या रेसला मानवणारी आहे की नाही ते लिहिलेलं असतं. न मानवणारं गाव मित्र फॅक्शनला विकून टाका, गावांची देवाणघेवाण करता येते. पैसे मिळतात आणि त्या सीमेवर आयता पहारेकरी.

काठिण्यपातळीचा मान-अपमान बाळगू नका. कॅम्पेन आणि लढाई यांची पातळी वेगवेगळी ठेवता येते. कॅम्पेन नॉर्मल, लढाई ईझी, हे पहिल्यांदा अगदी बरोबर. लढाईत पॉज करून हुकूम देता येतात, तेही बिनधास्त वापरा. सगळ्यात अवघड 'लेजंडरी' पातळीवर ती मुभा नसते आणि सेव्हही एकच, त्यामुळे तिकडे सध्या फिरकू नका.

कधी सोडायची, पुढे काय?

राजधानी हातात असेल आणि एक भरलेली आर्मी शाबूत असेल, तर कॅम्पेन सोडू नका. नकाशाभर लाल रंग दिसला तरी दूरचे शत्रू तुमच्यापर्यंत पोचायला कितीतरी टर्न घेतात, आणि अनेकदा ते वाटेत एकमेकांशीच भिडतात. राजधानीही गेली आणि आर्मीही, तर मात्र ओढत बसण्यात अर्थ नाही.

मियाओ यिंगची पन्नासेक टर्न झाली की तिचाच भाऊ झाओ मिंग घेऊन बघा. सैन्य ओळखीचं, पण बॅस्टियनची भिंत पाठीशी नाही. ते जमलं की किस्लेव्ह. कॅटरिनला तेव्हा हात घाला, आणि पहिल्या दहा टर्नमध्ये थ्रॉटचा बंदोबस्त करा.