एका केसावर इलेक्ट्रॉन कसा शिकवायचा

बारावीच्या पोरांना इलेक्ट्रॉनचं व्यतिकरण (दोन वाटांनी आलेले तरंग मिसळून कुठं वाढणं, कुठं जिरणं) शिकवताना कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये मी फळ्याकडे वळतच नाही. दिवे घालवतो आणि कुणाचा तरी एक केस मागतो.

किल्लीला अडकवायची साधी लाल लेसर घ्या. तिच्या तोंडावर केस उभा, अगदी मधोमध ताणून सेलोटेपनं चिकटवा. पुस्तकांच्या चवडीवर ठेवून चार मीटरवरच्या भिंतीवर मारा. (कुणाच्या डोळ्यांत नाही, आरशावरही नाही.) ठिपक्याऐवजी आडवी रेघ दिसेल, जागोजागी तुटलेली. भिंतीवर कागद लावून तुटलेल्या जागी पेन्सिलनं खुणा करा. शेजारच्या दोन खुणांत माझ्याकडे ३.७ सेंमी आले. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, तिला ४ मीटरनं गुणा, ३.७ सेंमीनं भागा: केसाची जाडी ७० मायक्रॉन. मधला झगझगीत पट्टा मोजू नका, तो दुप्पट रुंद असतो. पहिल्या वर्षी मी नेमका तोच मोजला, केस निम्मा बारीक निघाला आणि पोरं हसली ती हसलीच.

आता केसाच्या जागी तार धरा आणि प्रकाशाच्या जागी इलेक्ट्रॉन. १९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी केसाहून कितीतरी बारीक तारेच्या दोन्ही अंगांनी इलेक्ट्रॉन सोडले, इतके विरळ की एका वेळी वाटेत एकच. तारेला धन भार, त्यामुळे दोन्हीकडच्या वाटा आत वळतात. पडद्यावर प्रत्येकाचं एकच टिंब. दहा टिंबं म्हणजे नुसते शिंतोडे. लाखावर गेल्यावर स्वच्छ पट्टे.

हे वर्गात करता येतं. १ ते १० चौकोन आखा. विषम आकड्यांच्या सात-सात चिठ्ठ्या, सम आकड्यांची एकेक. चिठ्ठी काढा, त्या चौकोनात टिंब द्या, चिठ्ठी परत टाका. पुढचं टिंब कुठं पडेल ते कुणी सांगू शकत नाही, पण शंभराच्या आसपास पट्टे दिसू लागतात.

चिठ्ठ्यांनी अर्धंच काम होतं. अंबाबाईच्या देवळात महाद्वार उघडं असताना घाटी दरवाजाही उघडला, तर आतली गर्दी वाढेल. कमी कशी होईल? इलेक्ट्रॉनच्या बाबतीत होते. एकच वाट उघडी असताना जिथं टिंबं पडतात, तिथंच दुसरी वाट उघडल्यावर ती जवळजवळ थांबतात. कारण आपण दोन वाटांच्या शक्यतांची बेरीज करत नाही. दोन वाटांच्या तरंगांची बेरीज आधी करतो, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात जिरतो, आणि उरलेल्याचा वर्ग करतो. तो वर्ग म्हणजे शक्यता.

इथं कुणीतरी विचारतंच, ‘सर, प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूनं गेला ते बघून ठेवलं तर?’ मग पट्टे जातात. उरते ती घाटी दरवाजाची साधी बेरीज.