सेप्सिसमधल्या किडनीच्या इजेवर औषध तपासायचंय? आधी उंदराचं मॉडेल पक्कं करा

सेप्सिस म्हणजे संसर्गावर शरीराची प्रतिक्रिया बेताल होऊन अवयवांना इजा होणं. पीएचडीसाठी या विषयात येणाऱ्याला पहिला मोह होतो तो नवा रेणू शोधण्याचा. पण उंदरांना वाचवणारी कितीतरी औषधं माणसांवर टिकली नाहीत. सेप्सिसवरच्या एरिटोरान या औषधाच्या मोठ्या चाचणीत (२०१३) मृत्यू कमी झालेच नाहीत. एक कारण असं की प्रयोगशाळेत औषध बहुधा आजाराआधी किंवा लगेच दिलं जातं, रुग्ण मात्र उशिरा येतो.

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय उंदीर मागवू नका. कोवळ्या उंदरांत किडनीची इजा खात्रीने होत नाही, म्हणून खर्च वाढला तरी वयस्क उंदीर घ्या.

उंदरात सेप्सिस घडवायला सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) बांधून भोक पाडण्याची पद्धत सर्वांत रुळलेली. भूल देऊन पोटाच्या मधोमध साधारण १ सेंमी छेद घ्या, सीकम बाहेर काढा आणि रेशमी धाग्याने बांधा. गाठ लहान आतडं जिथे मिळतं त्याच्या खालीच हवी; वर गेली तर आतडं अडून उंदीर मरतो आणि तुम्ही ते सेप्सिस म्हणून नोंदवता. बांधलेली लांबी दर वेळी मोजा, कारण तीव्रता मुख्यतः तिच्यावर ठरते. मग २१ गेजच्या सुईने आरपार भोक, थेंबभर मळ बाहेर, सीकम आत. सर्व शस्त्रक्रिया एकाच हाताने झालेल्या बऱ्या. तुलनेसाठी फक्त पोट उघडून शिवलेला गटही ठेवा.

लगेच त्वचेखाली १ मिली कोमट सलाइन आणि वेदनाशामक ब्युप्रेनॉर्फिन. अँटिबायोटिक आणि तुमचं औषध सहा तासांनंतर सुरू करा. अँटिबायोटिक व द्रव न देता मिळालेला फायदा आयसीयूतल्या रुग्णाबद्दल फारसं सांगत नाही. कुठल्या उंदराला काय दिलंय हे मोजणाऱ्याला कळू नये.

सगळ्यात जास्त फसवतं ते क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ. ते रंगावरून मोजणाऱ्या याफे पद्धतीत उंदराच्या रक्तातले इतर पदार्थही रंग देतात, आकडा फुगतो; म्हणून पदार्थ वेगळे करून मोजणारी एचपीएलसी पद्धत वापरा. शिवाय सेप्सिसमध्ये शरीर क्रिएटिनिनच कमी बनवतं, त्यामुळे किडनी ढासळत असतानाही आकडा सौम्य दिसतो. जोडीला किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं सिस्टॅटिन सी आणि किडनीची इजा दाखवणारं लघवीतलं एनगॅल ही प्रथिनं मोजा. सूक्ष्मदर्शकाखाली किडनीच्या पेशी मेलेल्या फारशा दिसल्या नाहीत म्हणून स्लाइड बाजूला टाकू नका. या इजेत ते नेहमीचंच आहे.