सड्यावर रानफुले ओळखायला जाण्यापूर्वीची तयारी

सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या जांभ्या कातळाच्या पठारांवर, रानफुले ओळखायला जायचे असेल, तर सर्वांत आधी वेळ नेमकी ठरवावी, कारण ‘पावसाळ्यात केव्हातरी’ गेल्याने नुसता ताटवा दिसतो, हवे ते फूल दिसेलच असे नाही. जमिनीला चिकटलेल्या पानांतून वर येणारी पांढरी आषाढ आमरी पहिल्या पावसानंतर जून-जुलैत फुलून जाते, सीतेची आसवं आणि गेंद ऑगस्टअखेरीपासून बहरात असतात, तर सोनकीसाठी सप्टेंबर गाठावा लागतो. दिवसाची वेळही पाहावी. केन्याची निळी फुले दुपारपर्यंत मिटतात, म्हणून सकाळी लवकर सड्यावर असावे. कास पठारावर जाणार असल्यास प्रवेशाची नोंदणी आधीच करून ठेवावी.

पिशवीत दहापट मोठे दाखवणारे भिंग दोरीला बांधून घ्यावे, शिवाय लहान पट्टी, जाड पानांची वही आणि पेन्सिल असावी. शाई पावसात फुटते.

वहीत पहिली नोंद फुलाची नव्हे, तर जमिनीची करावी, आणि माझ्या मते साऱ्या तयारीत हीच सवय सर्वांत मोलाची आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटर असतो आणि त्यात नत्र फार कमी असते. म्हणूनच पाणी झिरपणाऱ्या उथळ मातीत सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती आढळतात. पहिली मातीतल्या सूक्ष्म पिशव्यांत अतिसूक्ष्म जीव ओढून घेते, तर दुसरी पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते. खडकातल्या खळग्यात पाणी साचले असेल, तर तिथे इंग्रजी ‘वाय’सारखा दुभंगलेला फुलोरा असलेला वायतुरा शोधावा. सड्याची कड उतरून गवताळ, झुडपी उतारावर आलो की कंदीलपुष्पाचे वेल दिसण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ‘उघडा कातळ’, ‘झिरपती माती’, ‘साचलेले पाणी’, ‘सावलीतला उतार’ असे शब्द वहीत आधीच लिहून ठेवावेत, म्हणजे जागेवर फक्त खूण करायची उरते आणि घरी परतल्यावर नाव शोधताना निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

छायाचित्रे कोणती घ्यायची तेही आधी ठरवावे. समोरून काढलेले एकच सुंदर चित्र ओळखीसाठी बहुधा अपुरे पडते. संपूर्ण झाड, पानांची मांडणी एकाआड एक आहे की समोरासमोर, पानाची मागची बाजू, देठावरची लव, पाकळ्यांखालचा हिरवा पेला आणि जवळ पट्टी धरून घेतलेले माप, इतके टिपावे. तेरड्याच्या बाबतीत फुलाच्या मागे निघणारी शेपटी, म्हणजे शुंडिका, बाजूने टिपली नाही, तर त्याच्या जाती वेगळ्या करणे अवघड होते.

स्थानिक आणि परकी फुले यांतला फरक निघण्याआधीच डोळ्यांत बसवून घ्यावा. रस्त्याकडेचा पिवळा-केशरी कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा आहे, पण लांबून पाहणाऱ्याला तो सोनकीच वाटतो. कॉसमॉसची पाने समोरासमोर आणि बारीक चिरलेली असतात, सोनकीची एकाआड एक. घाणेरी आणि रानमोडी या दोन्ही अमेरिकेतून आलेल्या आहेत, आणि त्या कुठे दिसल्या याचीही नोंद करावी, कारण त्या पसरतात तिथे स्थानिक वनस्पतींची जागा आक्रसत जाते.

मराठी नावे गावागणिक बदलतात आणि एकच नाव अनेक जातींना चालते, म्हणून शास्त्रीय नावासाठी वहीत वेगळी ओळ मोकळी सोडावी आणि खात्री होईपर्यंत ती कोरीच ठेवावी. ओळखीसाठी फूल तोडू नये. कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्रीबाहेर कुठेच उगवत नाहीत, आणि सड्यावर मळलेली वाट सोडून टाकलेले एक पाऊलही त्या पातळ मातीतली रोपे चिरडते.

कारवी आणि टोपली कारवीसाठी वहीत स्वतंत्र पान ठेवावे. कारवी उतारावर दाट वाढते, तर टोपली कारवी सड्यावर उपड्या टोपलीसारखी दिसते. दोन्ही सामान्यतः 7 ते 8 वर्षांतून एकदा सामूहिक बहर धरतात, म्हणून बहर असो वा नसो, जागा आणि साल लिहावे. फुले दिसली, तर त्याच पानावर पुढच्या बहराचे अपेक्षित सालही मांडून ठेवावे.