बंद दिवा कुणाच्या गल्लीत?

अमेरिकेतल्या सिएटल शहरात पूर्वी रस्त्यावरचा दिवा गेला, की कुणीतरी तक्रार केल्यावर तो बदलला जायचा. नियम सगळ्यांना सारखाच. पण तक्रार करतं कोण? ज्याला इंग्रजी येतं, कुठे फोन करायचा ते ठाऊक असतं आणि केला तर दखल घेतील अशी खात्री असते, तो. साहजिकच सुखवस्तू वस्त्यांत दिवे झटपट लागत आणि बाकीच्यांच्या वाट्याला अंधार येई. पुढे शहराच्या वीज विभागाने तक्रारीची वाट न बघता, भागवार वेळापत्रक लावून दिवे बदलायला घेतले. लोकप्रशासनात मास्टर्स करायला मी इथे आले, तेव्हा वर्गात ऐकलेलं हे उदाहरण अजून विसरले नाही. या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना मी आधी हेच सांगते.

महापौर ग्रेग निकल्स यांच्या काळात, २००४-०५ मध्ये, सिएटलने वांशिक समतेचं काम थेट महापालिकेच्या कारभारात आणलं. नवी योजना किंवा बजेट आखताना खात्यांनी विचारायचे प्रश्न ठरले: फायदा कुणाला, भुर्दंड कुणावर, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलं का? कागदावर हे सोपं दिसतं.

माझ्या इंटर्नशिपमधली पहिली बैठक शहराच्या दक्षिण भागात होती. तिथे सोमाली, व्हिएतनामी, स्पॅनिश बोलणारी कितीतरी कुटुंबं राहतात. आम्ही वेळ ठेवली दुपारी दोनची, पत्रक फक्त इंग्रजीत. चौघं आली, त्यातले दोघे आमच्याच खात्यातले. दुसऱ्या वेळी तिथल्याच एका सोमाली आजींना विचारून संध्याकाळची वेळ घेतली, दुभाषे बोलावले, जेवण ठेवलं, मुलांना सांभाळायला माणूस ठेवला. हॉल भरला. आजी उठून म्हणाल्या, "बस स्टॉपवरून घरी येताना मधला तुकडा अंधारात असतो. तेवढा मी पळत येते." आमच्या नकाशावर त्या तुकड्यात एकही तक्रार नव्हती. आजही तक्रारींची आकडेवारी हाती आली, की रिकाम्या जागा मी आधी बघते.

इथला इतिहास आणि कायदा नीट वाचूनच या. घर देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा प्रस्ताव १९६४ मध्ये सिएटलच्या मतदारांनी फेटाळला होता. तो कायदा झाला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर पंधरा दिवसांनी. शिवाय १९९८ च्या राज्याच्या कायद्यामुळे सरकारी नोकरी आणि कंत्राटांत वंशावरून प्राधान्य देता येत नाही. आपल्याकडच्या आरक्षणाची सवय असलेल्या डोक्याला हे जड जातं. म्हणून काम होतं ते वस्ती, भाषा, बजेट आणि कार्यपद्धती यांच्या अंगाने. बजेट वाचता येणं हे इथलं सगळ्यात उपयोगी कौशल्य; आकड्यांचा कंटाळा असेल तर तो आधी घालवा.

आणि आपलं घरचं ओझं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या कौन्सिलने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. अमेरिकेतलं हे पहिलं शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. आपल्या मंडळातल्या गप्पांत तेव्हा "इथे कुठे आलीय जात?" असं म्हणणारे बहुतेक माझ्यासारख्या सवर्ण घरांतले होते. मला तिथे पुन्हा तोच तक्रारींचा नकाशा दिसला, आणि मी तसं बोलून दाखवलं.

महाडची तारीखवार गोष्ट तर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने इकडे येताना सोबत आणावी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा, मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला १९२४ मध्ये. प्रत्यक्ष पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावं लागलं, २० मार्च १९२७ ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला.

ठराव मंजूर होतो त्या दिवशी कौन्सिलच्या सभागृहात टाळ्या वाजतात. मीही वाजवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खात्याला मेल जातो: यासाठी माणूस कोण नेमलाय, पैसे कुठल्या शीर्षकाखाली आहेत, आणि पहिला आढावा कधी?